नीरा कालवा परिसरातील न्याहारीचे स्थित्यंतर आणि बालकांचे मनोवर्तन : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

शाळेच्या पहिल्या तासाला एखादे मूल जांभया देते, शेजाऱ्याशी विनाकारण भांडते किंवा फळ्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखे बसते. अशा मुलाच्या नावापुढे आळशी, द्वाड किंवा मठ्ठ असा शेरा लवकर पडतो आणि तो सहसा पुसला जात नाही. शेरा स्वभावाविषयी असतो. त्या मुलाच्या पोटात सकाळपासून काय पडले, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पाठ्यक्रमात एखाद्या टिपणापुरता येतो. आहारशास्त्रात तो उष्मांकांच्या तक्त्यात विरून जातो आणि इतिहासाला तर तो आपला प्रश्नच वाटत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा. नीरेकाठचे सांगवी हे गाव याच पट्ट्यातले. या पट्ट्यात मुलांची सकाळची न्याहारी गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत बदलत गेली. हा बदल केवळ रुचीचा नाही. कालवा, ऊस, साखर आणि दूध यांच्या अर्थकारणाने तो घडवून आणला. न्याहारी आणि बालमन यांच्या संबंधावर बाहेरच्या देशांत जे संशोधन झाले आहे, ते हा इतिहास बाजूला ठेवून येथे लागू केल्यास त्याचा अर्थ चुकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

न्याहारी : शब्द आणि रीत

‘न्याहारी’ हा शब्द फारसी ‘नहार’ या शब्दाशी जोडला जातो. नहार म्हणजे उपाशीपोटी असणे. न्याहारी म्हणजे तो उपास मोडणे. मात्र कुणब्याची न्याहारी ही उठल्याबरोबर घरात बसून खाण्याची गोष्ट नव्हती. पहाटे औत जुंपावे, उन्हे वर येईपर्यंत काम करावे आणि मग घरधनिणीने पाटीत बांधून आणलेली भाकरी बांधावर बसून खावी, अशी ती रीत होती. भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, सोबत कोरड्यास, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि घरी दुभते असेल तर ताक. थोरांबरोबर मुलेही तेथेच खात. घरी राहिलेल्या लहानग्यांना रात्रीची भाकरी दुधात कुस्करून मिळे, नाहीतर ताक-कण्या, आंबील किंवा हुलग्याचे माडगे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये जातवार राहणीमानाची जी वर्णने आली आहेत, त्यांतून या प्रदेशातील शेतकऱ्याचे अन्न ज्वारी-बाजरीभोवती कसे फिरत होते ते कळते.

पांढरपेशा घरांत परिस्थिती निराळी होती. तेथे प्रौढांची दोनच जेवणे, पण मुलांसाठी सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट. म्हणजे सकाळी मुलाला काहीतरी शिजवलेले आणि कोणाच्या तरी देखत खाऊ घालण्याची रीत दोन्हीकडे होती, कारणे मात्र वेगळी होती.

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. दुष्काळात हीच भाकरी नाहीशी होई. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे महात्मा फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी अन्नछत्र चालवले, ते मुलांच्या पोटात सकाळी किंवा संध्याकाळी काहीच जात नव्हते म्हणून. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या पुणे जिल्ह्यातील दोन गावांची पाहणी करून १९१७ आणि १९२१ मध्ये जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांतून कोरडवाहू कुटुंबाचे कर्ज आणि अपुरेपण यांचे चित्र उभे राहते. मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होण्यापूर्वी इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी होते, हे सहज नोंदवण्यासारखे आहे. ज्या चहाची शेती सुधारण्यात त्यांची पहिली वर्षे गेली, त्याच चहाने पुढे त्यांनी अभ्यासलेल्या प्रदेशाची सकाळ व्यापली.

कालवा, ऊस आणि कपातील साखर

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भाटघरच्या धरणाचे पाणी त्याला मिळू लागले. त्यामागची मूळ प्रेरणा दुष्काळनिवारणाची होती. ज्वारी-बाजरीला संरक्षक पाणी मिळावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हुकमी पाणी हुकमी पैशाच्या पिकाकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती पाण्याची वाटणी अधिक गावांत आणि अधिक पिकांत व्हावी म्हणून; तरी उसाची ओढ कमी झाली नाही. सासवडचे माळी कालव्यावर खंडाने जमिनी घेऊन ऊस पिकवू लागले आणि गुऱ्हाळे पेटली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी सगळा पट्टा उसाखाली आणला.

या घडामोडीचा मुलाच्या न्याहारीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी थेट आहे. आडसाली ऊस जमीन सोळा-अठरा महिने अडवतो. त्या काळात रब्बीची ज्वारी त्या रानात येत नाही. जे धान्य घरच्या कणगीत होते ते बाजारातून किंवा शिधावाटप दुकानातून येऊ लागले आणि त्याबरोबर गहू व तांदूळ आले. ज्वारीची भाकरी मागे पडून चपाती पुढे आली. चपाती हे प्रतिष्ठेचेही लक्षण ठरले. बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये लोह सुमारे सहा मिलिग्रॅम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमहूनही कमी. बाजरीतील सगळे लोह शरीराला मिळते असे नाही, कारण तीत लोहाला बांधून ठेवणारी द्रव्येही आहेत. पण आंबवण्याने त्यांचा जोर कमी होतो, आणि आंबील ही आंबवलेलीच असे. आजीच्या हातच्या या पदार्थाला शास्त्राची जोड होती, हे सांगण्यासाठी भावुक होण्याची गरज नाही.

गुऱ्हाळांच्या काळात मुलांना भाकरीबरोबर काकवी मिळे. कारखाने आल्यावर काकवीची जागा साखरेने घेतली. सहकारी कारखान्यांतून सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळू लागली. घरात पोत्याने साखर, आणि ती जिरवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे चहा.

चहाचा या जिल्ह्यातील प्रवेश वादग्रस्त होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील सभेत पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. उपस्थितांत टिळक आणि रानडे होते. पुढे त्यावरून ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. त्यावेळी वाद स्पर्शास्पर्शाचा होता, पोषणाचा नव्हता. पण ज्या दोन वस्तूंनी १८९० मध्ये पुण्याचा समाज ढवळून निघाला, त्याच दोन वस्तू शंभर वर्षांनी जिल्ह्यातील शाळकरी मुलांची सर्वांत सामान्य न्याहारी व्हाव्यात, ही सामाजिक इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. मधल्या काळात १९०३ च्या चहा उपकराच्या कायद्याने चहाच्या प्रचारासाठी पैसा उभा केला आणि निर्यात मंदावल्यावर, विशेषतः १९३० च्या दशकात, चहा कंपन्यांचे प्रचारक देशातल्या बाजारपेठांकडे वळले. मुंबईत विलेपार्ले येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याच्या ग्लुकोज बिस्किटांनी पुढे खेड्यातील किराणा दुकान गाठले. आज चहा-चपाती, चहा-बटर, चहा-खारी, चहा-बिस्कीट असे जोडशब्द बारामतीच्या परिसरात न्याहारीचेच पर्याय म्हणून वापरले जातात. शहरात पोहे-उपीट आले, त्यांचा पसारा खेड्यात पाहुण्यापुरता राहिला.

दुधाचा प्रवास

दुधाची हकिकत अधिक गुंतागुंतीची आहे. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला आणि दुधाच्या महापूर योजनेने १९७० नंतर संकलनाची साखळी बांधली. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाच्या वाढ्यांचा चारा हाताशी होता, त्यामुळे येथे दुग्धव्यवसाय फोफावला. दुधाच्या दर दहा दिवसांच्या पगाराने असंख्य घरांतील मुलांच्या शाळेची फी भरली, हे विसरता येणार नाही.

परंतु पूर्वी दूध घरात राहत होते, कारण ते विकण्याची सोय नव्हती. आता संकलन केंद्र पहाटे उघडते. दूध जितके अधिक तितका पगार अधिक, आणि घरातील चहापुरते दूध बाजूला काढून बाकीची किटली केंद्रावर जाते. अनेकदा ती नेऊन देणारे मूलच असते. दूध-भाकरीतील दूध गेले आणि भाकरीही गेली. त्या दोहोंची जागा दूध कमी, साखर जास्त अशा चहाने घेतली. गावात दुधाचे उत्पादन वाढले म्हणजे मुलाच्या पेल्यातील दूध वाढले, असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

या प्रवासाचे पुढचे टोकही याच तालुक्यात आहे. २०११ मध्ये बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि मुलांसाठीचा अंड्याच्या आकाराचा गोड खाऊ तेथे तयार होऊ लागला. ज्या पट्ट्यातून साखर आणि दूध बाहेर जाते, तेथेच त्या दोन्ही वस्तूंपासून बनलेला खाऊ तयार होऊन मुलांच्या हट्टाचा विषय होतो.

कुन्नूरचे उंदीर

अन्नाचा केवळ शरीराशी नव्हे तर वागणुकीशी संबंध असतो, याचा एक जुना आणि विलक्षण पुरावा भारतातच मिळाला. निलगिरीतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांच्या गटांना भारतातील निरनिराळ्या समाजांचा आहार देऊन पाहिला. वाढ आणि प्रकृती यांत शीख आहारावरचा गट पहिला, पठाणांच्या आहारावरचा दुसरा आणि मराठ्यांच्या आहारावरचा तिसरा आला. गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी हे आहार त्यानंतर. या क्रमवारीचा उल्लेख आपल्याकडे अधूनमधून अभिमानाने होतो. त्यातला वंशवादी वास ओळखून तो बाजूला ठेवणे बरे. मॅकॅरिसन यांनी मोजले ते अन्न होते, वंश नव्हता.

पुढचा प्रयोग आपल्या विषयाशी अधिक जवळचा आहे. त्यांनी एका गटाला शिखांसारखा आहार दिला : सपिटाच्या पोळ्या नव्हे तर पूर्ण गव्हाच्या, दूध, लोणी, डाळ, भाज्या. दुसऱ्या गटाला इंग्लंडमधील गरीब वर्गाचा आहार दिला : पांढरा पाव, मार्गारिन, जॅम, डबाबंद मांस, उकडलेला कोबी-बटाटा आणि थोडे दूध घातलेला भरपूर गोड चहा. दुसऱ्या गटातील उंदीर खुरटले. पण मॅकॅरिसन यांनी १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत नोंदवले ते एवढेच नव्हते. हे उंदीर बिथरलेले असत, सांभाळणाऱ्या माणसांना चावायला धावत, आपसांत सुखाने राहत नसत, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास त्यांनी आपल्यातील दुर्बळांना मारून खाण्यास सुरुवात केली.

उंदीर म्हणजे मूल नव्हे, आणि एका प्रयोगावरून मनुष्यस्वभावाचा सिद्धांत मांडता येत नाही. तरीही त्या यादीतील दोन पदार्थ, पांढरा पाव आणि कमी दुधाचा अतिगोड चहा, कोणालाही ओळखीचे वाटतील. विलायतेतील गरिबाचा जो आहार मॅकॅरिसन यांनी मुद्दाम प्रयोगासाठी निवडला, तो आपल्या बागायती पट्ट्यात समृद्धीबरोबर आला. ही विसंगती अभ्यासण्याजोगी आहे.

त्यानंतर पुण्यातच पोषणाचा मोठा वाद झाला, पण त्याने वेगळे वळण घेतले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा उष्मांकांवर बांधली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करून पुण्यास परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी, माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसून ती कमी-जास्त होत असते, असे प्रतिपादन केले. दोन्ही बाजूंची विद्वत्ता निर्विवाद होती. मात्र उष्मांक दिवसाला किती, हे मोजले गेले. ते दिवसाच्या कोणत्या वेळी पोटात गेले आणि त्यावेळी मूल कोठे होते, हे या हिशेबाबाहेर राहिले. शरीर मोजता येते म्हणून वाद शरीराचा झाला.

वर्गातील मूल : बाहेरचे संशोधन आणि त्याचे वाचन

न्याहारी आणि वर्ग यांच्या संबंधाचे पहिले मोठे प्रयोग अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९५० च्या आसपास झाले. न्याहारी टाळल्यास सकाळच्या उत्तरार्धात काम आणि लक्ष दोन्ही मंदावतात, असा त्यांचा सूर होता. त्यांचा एकत्रित अहवाल तृणधान्यांच्या न्याहारीचा व्यापार करणाऱ्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केला, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. न्याहारी हे दिवसातील सर्वांत महत्त्वाचे जेवण, हे वाक्य आज सर्वतोमुखी आहे. त्याच्या प्रसारातही अशा व्यापाराचा वाटा होता. त्याच व्यापारातील केलॉग कंपनीने १९९४ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात तळोजे येथे कारखाना काढला, तेव्हा मराठी घराने कुरकुरीत पोह्यांवर गरम दूध ओतून त्यांचा लगदा केला आणि कंपनीला आपली गृहीतके तपासावी लागली.

अधिक निरपेक्ष आणि आपल्याला उपयोगी पुरावा जमैकातून आला. सिमियन आणि ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की न्याहारी चुकल्याचा फटका मुख्यतः आधीपासून कुपोषित असलेल्या मुलांच्या चाचण्यांना बसतो. धडधाकट मुलांचे फारसे बिघडत नाही. म्हणजे एकाच वर्गातील दोन मुले एकाच सकाळी उपाशी असली तरी त्यांची हानी सारखी नसते. त्याच देशातील १९९६ चा अभ्यास शिक्षकांना विचारात पाडील. शाळेत न्याहारी दिल्यावर ज्या शाळेत स्वतंत्र, सुव्यवस्थित वर्गखोल्या होत्या तेथे मुलांचे लक्ष वाढले. पण जेथे गर्दी आणि गोंधळ होता तेथे मुले अधिकच बोलू लागली. पोट भरल्याने आलेली तरतरी कोठे खर्च व्हायची हे वर्ग ठरवतो.

मनाच्या प्रश्नांकडे थेट पाहणारे काम १९९८ मध्ये मर्फी आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर येथील गरीब वस्त्यांतील शाळांत केले. मोफत शालेय न्याहारीचा लाभ अधिक घेऊ लागलेल्या मुलांत खिन्नता, चिंता आणि अतिचंचलता यांची लक्षणे घटली, गणिताचे गुण वाढले आणि गैरहजेरी कमी झाली. स्पेनमधील ३,७७२ मुलांच्या माहितीवर लोपेझ-हिल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्याहारी न करणे आणि ती घराबाहेर करणे या दोन्हींचा संबंध मुलांच्या मनोसामाजिक अडचणींशी दिसला. हा अभ्यास एकाच वेळच्या सर्वेक्षणावर आधारलेला असल्याने त्यातून कारण सिद्ध होत नाही, केवळ सहसंबंध दिसतो.

‘घराबाहेर’ या शब्दाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. स्पेनमधील घराबाहेरची न्याहारी बहुधा एकट्याची असते. कुणब्याची बांधावरची न्याहारीही घराबाहेरचीच, पण ती सगळ्या घराची असे. छप्पर महत्त्वाचे की सोबत, याचे उत्तर सर्वेक्षणातील रकान्याने मिळत नाही. आज घरात राहून न्याहारी करणारे मूल पुष्कळदा एकटेच असते. आई गोठ्यात किंवा मजुरीला, वडील मोटेच्या जागी आलेल्या मोटारीवर, आणि मूल कपात बिस्कीट बुडवून पाठीला दप्तर लावत असते.

साखरेने मुले उधळतात, हा समज मात्र पुराव्यावर टिकत नाही. वोलरेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून साखरेचा वर्तनावर असा परिणाम दिसत नसल्याचे दाखवले. साखरेचा दोष वेगळा आहे : ती भूक मारते आणि दुसऱ्या अन्नाची जागा घेते. चहातील टॅनिन जेवणातील लोह शोषू देत नाही, आणि लोहाच्या कमतरतेचा लक्ष व चिडचिड यांच्याशी संबंध आहे. बडोद्यात शेषाद्री आणि तारा गोपाळदास यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोहाच्या गोळ्यांनी शाळकरी मुलांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सुधारल्याचे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते.

पुणे जिल्ह्यातील एक पुरावा

या विषयावर सर्वांत जवळचा आणि दुर्दैवाने शिक्षकवर्गात कमी वाचला गेलेला पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू ठेवला. त्यातूनच २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी आहे. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांच्या मुलांना सलग लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत कमी यश मिळाले. सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही.

हा भेद नीट वाचला पाहिजे. मूल मठ्ठ नव्हते. त्याचे लक्ष टिकत नव्हते. वर्गात या दोन गोष्टी सारख्याच दिसतात आणि शेरा एकच पडतो. शाकाहारी किंवा क्वचित मांसाहारी घरात बी-१२ चा मुख्य आधार दूध आणि ताक हाच असतो. तेव्हा किटली भरून केंद्रावर जाणाऱ्या दुधाचा हिशेब केवळ मुलाच्या पेल्याशी करून भागत नाही; तो त्याच्या आईच्या पेल्यापासून, तेही त्याच्या जन्माआधीपासून करावा लागतो. दूधविक्री आणि बी-१२ यांचा असा संबंध त्या शोधनिबंधात मांडलेला नाही; तो प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे, आणि बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागांना तो तपासता येण्याजोगा आहे.

कोपीतील सकाळ

कालव्याच्या पट्ट्यात मुलांचा आणखी एक वर्ग दरवर्षी दिवाळीनंतर येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जातो. बीड, अहिल्यानगर आणि इतर कोरडवाहू भागांतून आलेल्या ऊसतोड कामगारांची ही मुले. आई-वडील कोयता घेऊन पहाटे अंधारात फडावर जातात. कोपीत रात्रीची भाकरी आणि कोरा चहा ठेवलेला असतो, आणि धाकट्या भावंडाला तो देण्याची जबाबदारी सात-आठ वर्षांच्या मुलीवर असते. हे मूल ज्वारी-बाजरीच्या प्रदेशातून आलेले असल्याने त्याच्या वाट्याला भाकरी तरी असते. नसते ती सोबत आणि ताजेपणा. ज्या साखरेने स्थानिक मुलाची न्याहारी बदलली, ती साखर या मुलाच्या आई-वडिलांनी तोडलेल्या उसाची असते.

१९९० च्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा सुरू केल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर या मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्याकडे आणि मूळ गावी हंगामी वसतिगृहे चालवण्याकडे धोरण वळले. नियमित शाळेत दाखल झालेले कोपीतील मूल ज्या वर्गात बसते, तेथील भाषा त्याची असली तरी वेळापत्रक त्याचे नसते.

शासनाचे घड्याळ

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर आणि शाळांत सुकडी वाटली गेली. ती आजही त्या पिढीच्या आठवणीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राच्या योजनेत प्राथमिक शाळेतील मुलांना दरमहा तीन किलो धान्य मिळू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर त्या धान्याची शिजवलेली खिचडी झाली. या योजनेने हजेरी वाढवली आणि जातीपातीच्या मुलांना एका पंक्तीला बसवले. तिचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ती दुपारची आहे. इतिहास, भाषा, गणित असे सकाळचे तास उरकल्यावर ती येते.

त्याहून विचित्र गोष्ट अशी की सकाळ शासनाला अगदीच अपरिचित नाही. अंगणवाडीसाठी २००९ मध्ये ठरलेल्या सुधारित निकषांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवणाखेरीज सकाळचा नाश्ताही आहे. मूल पहिलीत गेले की तो बंद होतो. सहाव्या वर्षी भूक कमी होते असे कोणत्याही आहारशास्त्रात लिहिलेले नाही. खाते बदलते एवढेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत पौष्टिक न्याहारी द्यावी अशी शिफारस केली, कारण सकाळचे तास कठीण विषयांना अधिक अनुकूल असतात. २०२१ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेला पंतप्रधान पोषण हे नाव मिळाले, तेव्हा न्याहारी तीत आली नाही. तमिळनाडूने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईतून १,५४५ शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा विस्तार केला.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मधील निर्णयाने अंडी आणि गोड पदार्थांची साखर यांसाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला व शाळांनी लोकसहभागातून त्यांची सोय करावी असे सुचवले गेले. साखरेच्या राज्यात मुलांच्या खिरीसाठी साखर वर्गणीतून आणावी लागणे, यावर अधिक भाष्य नको. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरले. त्यामागे मुख्य विचार झोपेचा होता.

नऊ वाजेपर्यंत दूध संकलन केंद्र बंद झालेले असते, ऊसतोडीची पहिली गाडी भरून कारखान्याच्या वाटेला लागलेली असते आणि मजूर बायका फडात असतात. मिळालेला हा वेळ मुलाजवळ असतो, पण घरात त्याच्यासाठी चूल पेटवणारे कोणी नसते.